मनीसाठी रडलात, त्यात चुकलं काय?

ताई, नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमची केळीची बाग आहे, थोडा कापूसही असतो. लग्नानंतर वाचन सुटलं होतं. आता मुलगी सहावीत गेली, थोडी मोकळीक मिळू लागली, म्हणून यंदा गावातल्या वाचनालयात नाव घातलं. दिवाळी झाली आणि ग्रंथपालांनी ‘कोसला’ हातात दिली. आपल्याच भागातल्या लेखकाची आहे, वाचा म्हणाले. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा हे बागेला पाणी द्यायला जातात. सासूबाई आणि मुलगी झोपलेल्या असतात. तेव्हा मी वाचते.

सुरुवातीला एकटीच तोंड दाबून हसत होते. मग पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीने जाते तिथे आले. पुस्तक मिटलं ते मिटलंच. आठवडा होऊन गेला, पुढे वाचवत नाही. भाकरी थापताना, कापूस वेचताना मनी आठवते आणि डोळे भरतात. दोनदा दूध उतू गेलं. हे म्हणतात, काही दिवस वाचन बंद ठेव. सासूबाई तर एकदम तुटून पडल्या. “पुस्तकातली पोर ती, तिच्यापायी डोळे गाळतेस? खरी गेलेली पाहिली असतीस तर काय केलं असतंस?” त्या पंच्याहत्तरीच्या आहेत, चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे व्रण आहेत. एरवी त्या मला असं कधी बोलत नाहीत. मी पुस्तक धान्याच्या कोठीमागे ठेवून दिलंय. मुलगी विचारते, आई, तू का रडतेस?

ताई, माझं स्वतःचं असं काही मोठं दुःख नाही. भावंडं सगळी सुखरूप आहेत. मग मला हे काय झालंय? थंडी वाढू लागली की तसंही मला थोडं उदास वाटतं, त्यामुळे भीती वाटते. पुस्तक परत करून टाकू का?

– एक वाचक, जळगाव जिल्हा

* * *

पुस्तक परत करू नका. आधी ते कोठीमागून काढा आणि घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. बाकीचं मग बोलू.

तुम्ही विचारलंत, माझं स्वतःचं दुःख नाही, मग हे काय झालंय? अशा प्रश्नाला हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं: आत कुठेतरी जुनी जखम असेल, ती शोधा. कुणाच्या बाबतीत असेलही तसं. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसत नाही, आणि नसलेली जखम उकरायला मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही मनीसाठी रडलात. तेवढं कारण पुरे आहे. एक लहान मुलगी होती, भावाचा तिच्यावर जीव होता, देवी आल्या आणि ती गेली. तिची न् तुमची ओळख झाली होती. ओळखीचं माणूस गेल्यावर जे होतं तेच तुम्हाला झालं. ती कागदावरची होती म्हणून ते खोटं ठरत नाही.

शिवाय ती कागदावरची असली तरी लांबची नव्हती. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली ‘कोसला’ आली तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, पण त्याचं घर तुमच्याच मातीतलं आहे. तेच ओटे, तशीच शेती, बापाशी तसंच अबोला धरणं. पुण्यातला वाचक मनीचं घर मनाने उभं करतो. तुम्हाला ते उभं करावं लागलं नाही. शेजारच्या गल्लीतली पोर गेल्यासारखं तुम्हाला वाटलं असणार.

त्यात भर म्हणजे तुम्ही हसत हसत तिथपर्यंत आलात. होस्टेल, मेस, मित्रमंडळ, पांडुरंगाचं ते तिरकं बोलणं. या सगळ्यात वाचक सैल होतो, या पोराबरोबर आता मजाच आहे असं धरून चालतो. मग हा प्रसंग येतो, आणि तो कसलीही भाषा न सजवता येतो. रडा असं लेखक कुठेच सांगत नाही. म्हणूनच ते सोसत नाही. मराठीत बहिणीच्या मरणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण भावाच्या तोंडून इतकं उघडं लिहिलेलं मी फार कमी वाचलं आहे. कित्येक वाचकांचं पुस्तक याच ठिकाणी मिटतं. तुम्ही एकट्या नाही आहात.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे.

त्यांचं बोलणं पुन्हा एकदा शांतपणे आठवा. “खरी गेलेली पाहिली असतीस तर.” तुम्हाला टोमणा मारायला हे वाक्य सुचत नाही. ज्याने पाहिलेलं असतं त्याच्याच तोंडून ते निघतं. त्या आज पंच्याहत्तरीच्या, म्हणजे त्यांचं बालपण पन्नाशीच्या दशकातलं. तेव्हा देवीची साथ खेड्यांना नवी नव्हती. लस न टोचलेल्या दहा जणांना या रोगाच्या जबर प्रकाराने गाठलं तर साधारण तिघं दगावत. जी वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, काहींची दृष्टी जाई. तुमच्या सासूबाई वाचल्या. त्यांच्याबरोबर त्याच अंथरुणावर, त्याच घरात आणखी कोण होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रावरून वाटतं, नाही. कदाचित त्यांच्या मुलालाही ठाऊक नसेल.

त्या काळी आजाराला आजार म्हणायचंही नाही, देवी आल्या म्हणायचं. घरात फोडणी बंद, उशापायथ्याशी कडुनिंबाचा पाला, बाहेरच्या माणसाला आत मज्जाव. देवीच पाहुणी आलेली, तर तिच्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करणार? पोर गेली तरी घरच्या बायका दुसऱ्या दिवशी शेतात आणि चुलीशी. अशा घरातल्या लहान मुलीने ते सगळं पाहिलं असेल आणि त्यावर कधी कुणाशी चकार शब्द बोलली नसेल, तर साठ-सत्तर वर्षांनी सून एका पुस्तकातल्या मुलीसाठी मोकळेपणाने रडताना दिसल्यावर तिच्या तोंडून असंच काही निघेल. मी हे छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण एरवी त्या तुम्हाला असं बोलत नाहीत, हे तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा त्यांच्या रागाचा रोख तुमच्यावर होता असं धरून बसू नका.

त्यांना विचारा. लगेच नको, आणि समोर बसवून, चौकशी केल्यासारखं तर मुळीच नको. तुमच्याकडे आता भरताचे दिवस सुरू झाले आहेत. शेतात कपाशीच्या काड्या-तुराट्या पेटवून ती पांढरट-हिरवी मोठाली वांगी भाजायला घ्याल, तेव्हा सासूबाई शेजारी असतीलच. वांगं आतून शिजलं की नाही हे आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं. एकजण वांगी परतते आहे, एकजण मिरच्या भाजते आहे, नजर विस्तवाकडे आहे. अशा वेळी माणूस बोलतं. सहज विचारा: आई, तुम्हाला देवी आल्या तेव्हा तुम्ही केवढ्या होतात? एवढंच. त्या “जाऊ दे ते” म्हणाल्या तर खरंच जाऊ द्या आणि वांगी सोला. चार दिवसांनी त्या स्वतःच विषय काढतील, किंवा काढणारही नाहीत. तोही त्यांचा हक्क आहे. पण बोलायला लागल्या तर मधे तुमचं पुस्तक आणू नका. मनीचं नाव घेऊ नका. त्यांच्या घरातल्या मुलीचं नाव काय होतं, ते विचारा. कुणी विचारलंच नाही म्हणून ते नाव कित्येक वर्षांत उच्चारलं गेलं नसेल.

नंतर कधीतरी, त्यांना हवं असेल तर, तो भाग वाचून दाखवा. घरात आपण काही वाचून दाखवायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं, ही चाल आपल्याकडे पोथ्यांमुळे आहेच. कादंबरीलाही ती चालते.

मुलीला काय सांगायचं? खरं ते. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला “डोळ्यात काहीतरी गेलं” सांगू नका. तिला ते पटणार नाही, आणि आईला काहीतरी लपवावं लागतंय एवढंच तिच्या लक्षात राहील. मी वाचते आहे त्या गोष्टीतली एक लहान मुलगी आजारी पडून गेली, म्हणून मला वाईट वाटलं, असं सांगा. ती विचारील, कशाने? तेव्हा देवीची गोष्ट सांगा. ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जेन्नरने इंग्लंडात देवीची लस पहिल्यांदा टोचली ती १७९६ साली. आपल्या मुंबईत जून १८०२ मध्ये ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतातली ती पहिली. म्हणजे मनीच्या वयाच्या मुली खानदेशात देवीने जात होत्या तेव्हा लस जगात दीडशे वर्षं जुनी होती आणि मुंबईत येऊनही तिला जवळजवळ तेवढीच वर्षं झाली होती. देशभरातून देवी घालवण्याचा कार्यक्रम सरकारने १९६२ साली सुरू केला, कादंबरी येण्याच्या आदल्या वर्षी. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की जगातून देवी गेली. तुमच्या रडण्यात थोडा संतापही असेल, तर तो रास्त आहे. मनीचं मरण अटळ नव्हतं. ती लस तिच्यापर्यंत पोहोचायला हवी होती.

मुलीला तुमच्या आईवडिलांच्या दंडावरचा तो गोल, खोलगट व्रण दाखवा. पूर्वी गावोगाव लस टोचणारा माणूस यायचा, त्याची ती खूण. मुलीच्या दंडावर असेल तो छोटा व्रण वेगळा, तो क्षयाच्या बीसीजी लशीचा. तिला देवीची लस घ्यावीच लागली नाही, कारण तोवर रोगच उरला नव्हता. एवढं ऐकल्यावर आई का रडली याचं कोडं तिला पडणार नाही. आजीच्या चेहऱ्याकडेही ती वेगळ्या नजरेने पाहील.

तुमच्या यजमानांबद्दल मला विशेष काळजी वाटत नाही. थंडीत तुमच्या भागातल्या केळीवाल्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. पारा दहाच्या खाली उतरला की बागेला चरका बसतो, वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. त्यासाठी रात्रीचं पाणी द्यायचं, बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करायचा. एवढं करून पहाटे माणूस घरी येतो आणि बायकोचे डोळे सुजलेले बघतो. त्याला जे पहिलं सुचलं ते तो बोलला. वाचन बंद ठेव, म्हणजे तू रडू नकोस. त्यांना पुस्तकाचा राग नाही. सकाळच्या चहाला त्यांना मनीची गोष्ट थोडक्यात सांगून टाका. तुम्ही काही लपवत नाही हे कळलं की ते पुन्हा बंद ठेव म्हणणार नाहीत, असं मला वाटतं. म्हणालेच, तर हे वाचन तुम्हाला किती दिवसांनी परत मिळालं आहे ते त्यांना स्पष्ट सांगा. गावातलं वाचनालय तुमच्यासाठीच आहे.

थंडीच्या उदासीबद्दल मात्र नीट ऐका. रात्री सगळं घर झोपलेलं, नवरा शिवारात, बाहेर गारठा, आणि आपण एकटीने अर्ध्या रात्री असा भाग वाचायचा, हे कुणालाही जड जाईल. पुढचं पुस्तक दिवसा वाचा. दुपारचं जेवण झाल्यावर मागच्या दारी ऊन येतं, तिथे बसा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपार मिळणं कठीण, मला कल्पना आहे. पण ज्या दिवशी मजूर नसतील, पाऊण तास मिळेल, त्या दिवशी. रात्रीसाठी दिवाळी अंक आणा. आता वाचनालयात ते आलेले असतील, आणि त्यात हलकंफुलकं पुष्कळ असतं. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीनंतरच्या रात्रींची सोय झालेलीच आहे.

कामाच्या मधे डोळे भरून येतात, याची लाज बाळगू नका. दूध उतू जाणार नाही एवढं बघा, बाकी भाकरी थापता थापता रडू येतं तर येऊ दे. तुमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या लेकीने, बहिणाबाई चौधरींनी, लिहिता-वाचता येत नसताना सगळी कविता जात्यावर आणि शेतात केली. ऐन उमेदीत वैधव्य आलं, ते दुःखही दळता-कांडतानाच त्यांच्या ओव्यांत उतरलं. त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात. कविता पुस्तकरूपाने आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. बाईने आधी काम उरकावं आणि मग निवांत बसून दुःख करावं, अशी सवड आपल्याकडच्या बायकांना कधी नव्हतीच. हात आणि डोळे एकाच वेळी चालत आले आहेत.

तरी एक गोष्ट वेगळी ओळखायची. मनी आठवून रडू येतं आणि मग जेवण जातं, झोप लागते, मुलीच्या बोलण्यावर हसू येतं, तर काळजीचं कारण नाही. पण पुस्तक मनातही नसताना रडू येत असेल, दोन-दोन आठवडे अन्नावरची वासना गेलेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते पुस्तकामुळे नाही आणि नुसतं थंडीमुळे म्हणून सोडूनही द्यायचं नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. किंवा १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. दर थंडीत असं होतं, हेही त्यांना सांगा. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, डॉक्टरांपाशी मात्र सविस्तर बोला.

राहता राहिलं पुस्तक पुरं करणं. मनी गेल्यानंतरही कादंबरी बरीच उरते, आणि ती याच मुलाची आहे ज्याची बहीण गेली. तुम्ही तिथेच थांबलात तर पांडुरंगाला त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी एकटं सोडल्यासारखं होईल. पुढे तो काय करतो, पुण्यात कसा राहतो, गावी कसा परततो, हे त्याच्याबरोबर राहून वाचा. तो भाग लगेच पुन्हा वाचायची गरज नाही. सरळ पुढच्या पानावर जा. मन झालं तर कधीतरी मागे येता येतं. मुदत उलटत आली असेल तर ग्रंथपालांना सांगून पुस्तक पुन्हा तुमच्या नावावर टाकून घ्या. दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तर ते नाही म्हणणार नाहीत. आणि त्यांनाही सांगा की मनीपाशी अडकले होते. पुस्तक हातात देणाऱ्याला ते ऐकून बरं वाटेल.

सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळवा. छापण्यासाठी नको, नुसतं कळवा.